नेब्रास्काचा फुटबॉल कुठे घसरला? लिंकनला नव्याने येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑगस्टमध्ये पुणे, नागपूर, नाशिककडची मुलं अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात, लिंकन शहरात, शिकायला येतात आणि पहिल्याच शनिवारी गोंधळतात. सगळं गाव लाल कपड्यांत, रस्ते बंद, आणि संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे पडलेले. मग मला तेच प्रश्न येतात. मी २००१ मध्ये इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल का?

नाही. लांबट, दोन्हीकडे टोकदार चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांना पॅड. आणि खेळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी, निदान कागदावर तरी. नियम दोन शनिवारांत कळतात. इथले लोक त्यात इतके गुंतलेले का असतात, ते कळायला वेळ लागतो.

एका कॉलेजच्या संघासाठी अख्खं राज्य इतकं वेडं का?

नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही, बेसबॉलचा नाही, बास्केटबॉलचाही नाही. जे आहे ते लिंकनमधलं मेमोरियल स्टेडियम. सामन्याच्या दिवशी तिथे इतकी माणसं जमतात की ओमाहा आणि लिंकननंतर ते राज्यातलं तिसरं मोठं शहर ठरतं. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं संपली आहेत आणि ही मालिका ४०० सामन्यांच्या पुढे गेली आहे. वाईट वर्षांत देणगीदारांनी उरलेली तिकिटं विकत घेऊन गरजू मुलांना वाटली, पण मालिका तुटू दिली नाही. पाहुणा संघ जिंकून बाहेर पडतो तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पूर्वी खरंच इतके भारी होते का, की म्हातारी माणसं वाढवून सांगतात?

खरंच होते. बॉब डेव्हनी १९६२ मध्ये कोच म्हणून आले आणि १९७० व १९७१ असे लागोपाठ दोन राष्ट्रीय किताब जिंकून गेले. त्यांच्यानंतर टॉम ऑस्बर्न. १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ चे किताब त्यांचे. शेवटचा मिशिगनबरोबर वाटून घेतलेला. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत ६० विजय आणि फक्त ३ पराभव.

नवी मुलं हे आकडे ऐकून मान डोलावतात आणि पुढे जातात. मी त्यांना ऑस्बर्नची मधली वर्षं पाहायला सांगतो. पहिली पाच वर्षं ते ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले. १९८७ ते १९९३ या सात हंगामांच्या शेवटचा बाउल सामना, म्हणजे वर्षअखेरीचा मानाचा सामना, ते सातही वेळा हरले. कोच झाल्यापासून पहिला राष्ट्रीय किताब मिळायला त्यांना २२ हंगाम लागले. ‘मोठे सामने जिंकता येत नाहीत’ ही टीका तेव्हाही जोरात होती. तरी त्यांना कुणी काढलं नाही, कारण त्यांना निवडणारे डेव्हनी कोचपद सोडल्यावरही क्रीडा संचालकाच्या खुर्चीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बसून होते. आपण निवडलेल्या माणसाची जबाबदारी त्यांनी स्वतः वाहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

मग घसरण नेमकी कधी सुरू झाली?

लोक तीन-चार तारखा सांगतात. कुणी २३ नोव्हेंबर २००१ म्हणतं, कोलोरॅडोकडून ६२-३६ असा पराभव झाला तो दिवस. तो माझा इथला पहिला हंगाम. एका महिन्याआधी ओक्लाहोमाविरुद्ध आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, एरिक क्राऊचने, चेंडू दुसऱ्याकडे सोपवला, स्वतः पुढे धावला आणि परत आलेला पास झेलून थेट टोकापर्यंत गेला. मला नियम धड येत नव्हते. शेजारच्या अनोळखी मुलाने मला उचलून घेतलं, तेव्हा काहीतरी मोठं झालंय एवढं कळलं. क्राऊचला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइजमन पारितोषिक मिळालं. संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मायामीकडून ३७-१४ ने हरला. पुढच्या वर्षी ७ विजय, ७ पराभव.

पण एखाद-दुसऱ्या वाईट वर्षाने डोलारा कोसळत नाही. माझ्या मते तारीख २९ नोव्हेंबर २००३.

त्या दिवशी काय झालं?

फ्रँक सोलिच यांना काढलं. सोलिच डेव्हनींच्या संघात खेळलेले, ऑस्बर्नच्या हाताखाली १९ वर्षं घडलेले, घरचे. २००२ च्या पडझडीनंतर त्यांनी मदतनीस कोच बदलले, बचावाची सूत्रं बो पेलिनी या नव्या माणसाकडे दिली आणि २००३ मध्ये ९ विजय, ३ पराभव अशी गाडी रुळावर आणली. शुक्रवारी कोलोरॅडोला त्यांच्याच मैदानात ३१-२२ ने हरवलं. शनिवारी सोलिच घरी.

काढणारे होते क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन, जेमतेम वर्षभरापूर्वी आलेले. तेही याच राज्यातले, याच विद्यापीठात शिकलेले. कार्यक्रम सामान्य दर्जाकडे सरकू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. महत्त्वाकांक्षेत चूक नव्हती. चूक ही की जुनं पाडताना नव्याचा नकाशा हातात नव्हता. नवा कोच शोधायला सुमारे ४० दिवस लागले. शेवटी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाने काढलेले बिल कॅलाहन आले.

सोलिच यांची नोंद: सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. त्यानंतरच्या कुठल्याच कोचला ही सरासरी गाठता आलेली नाही.

कॅलाहन तर सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचलेले कोच होते ना? ते का अपयशी ठरले?

त्यांना खेळ येत होता. पण नेब्रास्काचा खेळ ज्या पायावर उभा होता तोच त्यांनी बदलला. इथे ‘ऑप्शन’ चालायचा: क्वार्टरबॅक चेंडू घेऊन धावतो आणि समोरचा बचाव काय करतो ते बघून ऐन क्षणी ठरवतो की स्वतः पुढे जायचं की चेंडू दुसऱ्याकडे टाकायचा. त्याला दणकट, शिस्तीत वाढलेली मुलं लागतात. शेतावरच्या गावांतली अशी मुलं शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने संघात यायची. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. दोन-तीन वर्षं ती व्यायामशाळेत घाम गाळायची आणि चौथ्या वर्षी मैदानात उतरायची. कॉलेज फुटबॉलमधला पहिला पूर्णवेळ बलसंवर्धन प्रशिक्षक म्हणून ओळखले जाणारे बॉइड एप्ली १९६९ पासून इथेच होते. थंडगार, विरळ वस्तीचं, टेक्सास-फ्लोरिडापासून दूरचं राज्य कशाच्या जोरावर जिंकत होतं, त्याचं हे उत्तर. हुशार मुलं सगळ्यांनाच हवी असतात. नेब्रास्का ती घडवत होतं.

कॅलाहन यांनी पासवर आधारलेली व्यावसायिक पद्धत आणली. तिला लागणारी मुलं देशभरातून गोळा करावी लागतात, आणि त्या बाजारात लिंकन कधीच आघाडीवर नव्हतं. २००४ मध्ये टेक्सास टेककडून ७०-१० असा पराभव, हंगामाअखेर ५ विजय, ६ पराभव. १९६१ नंतरचा हा पहिला तोट्याचा हंगाम. सलग ३५ वर्षं बाउल सामना खेळण्याची मालिकाही तिथेच तुटली. २००६ बरं गेलं. २००७ मध्ये कॅन्सासकडून ७६ गुण खाल्ले. नेब्रास्काच्या इतिहासात इतके गुण कुणीच केले नव्हते.

त्याच सप्टेंबरात पेडरसन यांनी कॅलाहनचा करार वाढवून दिला होता. महिनाभराने, ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध घरच्या मैदानावर मध्यंतरालाच ०-३८ अशी अवस्था झाली. दोन दिवसांनी पेडरसन गेले, नोव्हेंबरअखेर कॅलाहनही.

पेडरसनवरच सगळं खापर फोडणं योग्य आहे का?

मला नाही वाटत. स्टेडियमला लागून उभा राहिलेला ऑस्बर्न क्रीडा संकुलाचा विस्तार त्यांच्याच काळातला. त्यांना नेमणारे आणि काढणारे कुलगुरू हार्वे पर्लमन २०१६ पर्यंत पदावर होते, त्यांचा वाटा कुणी काढत नाही. आणि नंतर आलेल्यांनी त्यांच्या चुकीपासून काय शिकलं ते पाहा.

बो पेलिनींना दरवर्षी नऊ-दहा विजय मिळत होते, तरी का काढलं?

ऑस्बर्न संचालक म्हणून परतले आणि त्यांनी पेलिनींना आणलं. सात वर्षं (२००८ ते २०१४), दर वर्षी किमान नऊ विजय. २००९ मध्ये टेक्सासविरुद्ध घड्याळ शून्यावर गेलं, लोक मैदानात धावले, आणि पंचांनी एक सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात टेक्सासने किक मारून १३-१२ ने सामना नेला. त्या रात्री आमच्या भाड्याच्या घरात टीव्ही बंद करायलाही कुणी उठलं नाही.

पण पेलिनींच्या खात्यात दुसरी बाजूही आहे. मोठ्या सामन्यात संघ ढेपाळायचा. विस्कॉन्सिनने २०१२ मध्ये ७० गुण केले. २०१४ मध्ये त्यांचा एकटा मेल्विन गॉर्डन सामन्याच्या चारपैकी तीनच भागांत ४०८ यार्ड धावला. शिवाय पेलिनींची जीभ तिखट. चाहत्यांना शिव्या घालणारं त्यांचं ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये बाहेर आलं. असा माणूस हाताखाली ठेवणं सोपं नव्हतं हे मी मान्य करतो.

३० नोव्हेंबर २०१४ रोजी संचालक शॉन आयकहॉर्स्ट यांनी त्यांना काढलं. त्या हंगामाचा हिशेब: ९ विजय, ३ पराभव. सोलिचचा होता तोच, अकरा वर्षांनी, आकड्याला आकडा. आणि जागेवर कोण आलं? ओरेगन स्टेटचे माइक रायली, ज्यांचा संघ त्याच वर्षी ५-७ होता. सज्जन गृहस्थ, त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. पेलिनींच्या धावऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात पासची पद्धत दिली, मग २०१७ मध्ये बचावाची रचनाही उलटसुलट केली. नऊ विजय पुरेसे नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आपल्याला चार विजयांवर आणून ठेवलं.

स्कॉट फ्रॉस्ट आले तेव्हा सगळे इतके खूश का होते?

कारण तो आमचा मुलगा होता. नेब्रास्कातच वाढलेला, १९९७ च्या किताबी संघाचा क्वार्टरबॅक, आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ २०१७ मध्ये अपराजित ठेवणारा. डिसेंबर २०१७ मध्ये त्याला सात वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार मिळाला. मीही त्या दिवशी मिठाई वाटली होती.

त्यापुढचं सांगताना अजून त्रास होतो. पहिले सहाच्या सहा सामने गेले. २०२१ मध्ये ३ विजय आणि ९ पराभव, पण नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. गंमत वाटेल, पण त्या वर्षी संघाने एकूण जितके गुण खाल्ले त्यापेक्षा ६३ जास्त केले होते. म्हणजे खेळ वाईट नव्हता. ऐनवेळचे निर्णय, किक, वेळेचं भान, चेंडू हातातून सुटणं या बारीक गोष्टी दर शनिवारी नडायच्या. २०२२ ची सुरुवात डब्लिनमध्ये झाली: नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू जवळच टाकून तो पुन्हा आपणच मिळवायचा जुगार. तो फसला, सामना २८-३१ ने गेला.

मग १० सप्टेंबरची रात्र, जॉर्जिया सदर्नविरुद्ध. तोपर्यंत घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केलेले २१४ सामने होते आणि नेब्रास्काने ते सगळेच्या सगळे जिंकले होते. आम्ही ४२ केले. ३६ सेकंद उरले असताना त्यांनी ४५ केले. शेवटची लांबून मारलेली किक चुकली. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात, वडिलांकडून आलेल्या जागेवर. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जॉर्जियाच्या मुलांसाठी टाळ्या वाजवायला उभे राहिले. गुडघा दुखतो म्हणून कठडा धरून. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढल्याची बातमी आली.

तीन आठवडे थांबले असते तर निम्मे पैसे वाचले असते, हे खरं का?

खरं आहे. १ ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर आली असती. संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स थांबले नाहीत. यावर खूप आरडाओरड झाली. मला तो निर्णय पटला. खेळणाऱ्या मुलांचा हंगाम हिशेबाच्या तारखेसाठी ताटकळत ठेवायचा नसतो. मला प्रश्न पडतो तो आधीच्या निर्णयाचा: नोव्हेंबर २०२१ मध्ये पगार कापून, चार सहायक कोच काढून फ्रॉस्टला अर्धवट का ठेवलं? ठेवायचं तर पाठीशी उभं राहायचं, नाहीतर तेव्हाच निरोप द्यायचा.

बिग टेनमध्ये गेल्यामुळे वाट लागली असं बरेच जण म्हणतात.

२०११ मध्ये नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह हा आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट सोडून बिग टेन या गटात गेलं. टेक्सासमधले सामने थांबले आणि तिथून येणारी मुलंही कमी झाली. ओक्लाहोमाशी दरवर्षीचा सामना तर १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह झाली तेव्हाच सुटला होता, त्याची हळहळ मला आजही वाटते. पण जुना गट डळमळत होता आणि बिग टेनचा पैसा मोठा होता. तो निर्णय बरोबरच होता. त्याने घसरण सुरू केली नाही; घसरताना खाली जी गादी होती ती मात्र काढून घेतली.

थोडक्यात दोष कुणाचा?

थोडक्यात सांगता येणार नाही, पण एक यादी करून बघा. मी एकदा केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो.

पेडरसन यांना सोलिच वारशात मिळाले. त्यांनी काढून कॅलाहन आणले. ऑस्बर्न यांना कॅलाहन मिळाले; काढून पेलिनी. आयकहॉर्स्टना पेलिनी मिळाले, काढून रायली. बिल मूस यांना रायली मिळाले, काढून फ्रॉस्ट. अल्बर्ट्सना फ्रॉस्ट मिळाले. काढून मॅट रूल. पाच संचालक, आणि पाचही जणांनी आधीच्याचा कोच घालवून आपला आणला.

आता दुसऱ्या बाजूने वाचा. कॅलाहनना निरोप दिला तेव्हा त्यांना आणणारे पेडरसन आधीच गेले होते. पेलिनींच्या वेळी ऑस्बर्न निवृत्त. रायलींच्या वेळी आयकहॉर्स्ट यांना दोन महिन्यांपूर्वी नारळ मिळालेला. फ्रॉस्टच्या वेळी मूस निवृत्त. एकाही कोचच्या निरोपाच्या वेळी त्याला निवडणारा माणूस खुर्चीत नव्हता. ‘मी याला का निवडलं, अजून किती वेळ द्यायचा’ हे सांगायला कुणी उरलंच नाही. डेव्हनी आणि ऑस्बर्नच्या जोडीत जे होतं ते हेच, आणि तेच पुन्हा जमलं नाही. प्रत्येक नव्या माणसाने पद्धत बदलली, आधीच्या पद्धतीसाठी आणलेली मुलं अडगळीत गेली, आणि चार वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

पण काळच बदलला नाही का? कुणीही आलं असतं तरी हेच झालं असतं.

काळ बदलला हे खरं. पूर्वी शिष्यवृत्त्यांवर बंधन नव्हतं, मग ती टप्प्याटप्प्याने ८५ वर आली. प्रत्येक सामना टीव्हीवर दिसू लागला, त्यामुळे नेब्रास्काचं वेगळेपण गेलं. अलीकडे खेळाडू सहज विद्यापीठ बदलतात आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावतात.

तरी मी हे कारण पूर्ण मानत नाही, कारण त्याच विद्यापीठात, त्याच संचालकांच्या हाताखाली, त्याच थंडीत मुलींचा व्हॉलीबॉल संघ आहे. १९७७ ते २०२४ या ४८ वर्षांत त्यांना दोनच कोच झाले: टेरी पेटिट आणि जॉन कुक. त्यांनी पाच राष्ट्रीय किताब आणले, त्यातले तीन फुटबॉलच्या पडत्या काळात, २००३ नंतर. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्या मुलींचा सामना मेमोरियल स्टेडियममध्ये झाला आणि ९२,००३ लोक आले. मुलींच्या खेळातल्या गर्दीचा हा जागतिक विक्रम मानला गेला. मी धाकट्या मुलीला घेऊन गेलो होतो. हे गाव तेच, लोकही तेच. फरक कुठे आहे तो दिसतो.

सध्याचे कोच रूल कसे आहेत? आशा ठेवावी का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना आठ वर्षांचा ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला. टेंपल आणि बेलर हे दोन मोडके संघ त्यांनी उभे केले होते. बेलर तर १-११ वरून दोन वर्षांत ११-३ वर. इथे पहिल्या वर्षी ५-७. सलग सातवा तोट्याचा हंगाम. २०२४ मध्ये ७-६, आणि न्यूयॉर्कमधल्या बाउलमध्ये बोस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवलं. २०१६ नंतर पहिल्यांदाच संघ बाउलमध्ये पोचला होता.

मध्येच, मार्च २०२४ मध्ये, अल्बर्ट्स टेक्सास ए अँड एमला निघून गेले. विद्यापीठाच्या अध्यक्षांची खुर्चीही तेव्हा रिकामी होती. म्हणजे पुन्हा तेच: निवडणारा गेला, निवडलेला उरला. पण नवे संचालक ट्रॉय डॅनन यांनी आधीच्याचा कोच घालवून आपला आणला नाही. इतक्या वर्षांत हे प्रथमच घडलं, आणि मला कुठल्याही विजयापेक्षा ते जास्त मोलाचं वाटतं.

सोलिच यांचं पुढे काय झालं?

ते ओहायो विद्यापीठात गेले आणि २००५ पासून २०२० पर्यंत तिथे कोच राहिले. ११५ विजय, त्यांच्या गटाच्या इतिहासात सर्वाधिक. नेब्रास्काच्या मैदानावर मात्र जवळजवळ वीस वर्षं ते दिसले नाहीत.

एप्रिल २०२३ मध्ये वसंतातला सरावाचा सामना त्यांच्या सन्मानार्थ ठेवला गेला. ते आले. थंडी होती, तरी लोक आले होते. पुढच्या रांगेतले आजोबा त्या दिवशी कठडा न धरता उभे राहिले, आणि मला म्हणाले, “याला आपण नऊ विजयांवर काढलं होतं बघ.” मग टाळ्या थांबेपर्यंत बसले नाहीत.